सात बाय साडेसहा

१२ फेब्रुवारी

ही माझी शेवटची तुकडी. मे महिन्यात निवृत्त झाले की मग कुणाच्या कागदावर लाल पेन्सिल चालवायची, हा प्रश्नच आहे. वहिनी म्हणते, "तुझ्या दादाच्या वर्तमानपत्रावर चालव. तेवढीच त्याला शिस्त लागेल."

शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी दर वर्षी एक काम देते. ज्या घरात लहानाचे मोठे झालात त्याचा प्लॅन आठवणीतून काढून आणा, मोजमापांसकट. तो प्लॅन आणि त्यांचं आत्ताचं डिझाइन शेजारी शेजारी लावलं की फार गंमत दिसते. बदलीच्या नोकरीतल्या बापाचा मुलगा भिंतीत कपाट म्हणून काढत नाही, त्याचं सगळं उचलून नेता येण्यासारखं. पाच भावंडांत वाढलेली मुलगी आधी न्हाणीघरं काढते आणि उरलेल्या जागेत घर बसवते. एकीचं बालपण बेकरीच्या वरच्या मजल्यावर गेलं. तिच्या प्रत्येक घरात एक भिंत अशी असते की तिला पाठ लावून बसावंसं वाटतं. सगळ्यांची घरं आठवणीत मोठी झालेली असतात. मोजायला गेलं की तीन-चार फूट जास्तच निघतात. मला ते आवडतं. लहानपणाचं घर लहान आठवू नयेच.

मग मी माझी गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वागताच्या दिवशी सांगते आणि शेवटच्या वर्षी पुन्हा. तेवीस वर्षांची होते, पदवीचा कागद अजून वाळायचा होता. आमच्या घराच्या पश्चिमेच्या व्हरांड्याचा शेवटचा तुकडा मी बंद करून घेतला, तिथे मोठी काच लावली, काचेखाली बाक आणि बाकाच्या पाठीशी भिंतीत पुस्तकांची मांडणी. माझं पहिलं काम. आईने दोन्ही पाय वर घेऊन तिथे बसकण मारली आणि म्हणाली, या घरात पहिल्यांदा मला माझी जागा मिळाली. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरीने ऊन धरून घरात आणून बसवलं." आजही दुपारी चारनंतर तिथे जो उजेड येतो तसा मी पुढे कुणालाच देऊ शकले नाही.

मागच्या रांगेतून मोजकीने विचारलं, "मॅडम, पुस्तकांच्या मागे काय होतं?"

"भिंत," मी म्हटलं.

"आणि भिंतीच्या मागे?"

"मागची बाजू. जिना वगैरे."

कुणीतरी म्हणालं, "तिला तीही मोजायची असेल," आणि वर्ग हसला.

मोजकी हे नाव मीच मनात ठेवलंय. चार वर्षांत तिच्या तोंडून एकावेळी दहा शब्द निघालेले आठवत नाहीत. पण रेघ अशी काढते की खोडायला जागा नसते. शेवटच्या कामाला गाइड म्हणून तिने मलाच निवडलंय. हुशार आहे, पण तिच्याशी माझं जमत नाही.

१९ फेब्रुवारी

मोजकीशी आज पुन्हा वाद झाला. तिचा विषय आहे रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी एका ओळीतली दहा घरं. नीटनेटकं काम. पण प्रत्येक घरात सगळ्यात लहान खोलीला सगळ्यात मोठी खिडकी. बैठकीच्या खोलीला बेताची, स्वयंपाकघराला बरी, आणि मागच्या बाजूच्या त्या आठ फुटी खुराड्याला भिंतभर.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"खोली."

"कसली खोली? स्टोअर आहे ना?"

"खोली आहे, मॅडम."

"अगं, पण डबे-बादल्या ठेवायच्या जागेला एवढी खिडकी देऊन बैठकीत अंधार करतेस?"

"अंधार नाही. पुरेसा आहे. मोजलाय."

मी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून वर लिहिलं, "खोली म्हणजे कुठली? स्टोअर लिहा. खिडकी लहान करा." तिने शीट गुंडाळलं आणि "बरं" म्हणाली. तिसऱ्यांदा बरं म्हणाली आणि तिसऱ्यांदा खिडकी तेवढीच राहणार, हे मला ठाऊक आहे. हट्टीपणा आणि विचार यांत फरक असतो, तो या वयात कळत नाही.

२३ फेब्रुवारी

लहानपणाची घरं तपासायला घेतली. बेकरीवालीने तर पिठाची पोतीही काढलीत, त्यांवर मांजर. मन भरून आलं.

मोजकीने घर काढलंच नाही. फक्त एक खोली काढली आहे, सात फूट बाय साडेसहा. वरून जिना जातो म्हणून छताची उतरती बाजू तुटक रेघेने दाखवली आहे आणि तिथे "इथे डोकं लागतं" असं लिहिलंय. दार बाहेर उघडतं. दाराबाहेर नळ. बाजूला एक लांब कोरी भिंत, तिच्यावर "मोठं घर (आत जात नव्हते)". बस. खिडकी नाही.

मला रागच आला. सगळी मुलं जीव ओतून काढतात आणि ही काम उरकून टाकते. मी लिहिलं, "घर कुठे आहे? दार बाहेर उघडणं चूक. खिडकी राहिली." एका बाजूला जिना, एका बाजूला दार, एका बाजूला बहुतेक स्वयंपाकघर. चौथी भिंत मोकळी होती, तिथे मीच लाल पेन्सिलीने खिडकी काढून दिली. पश्चिम येते, पण काही नसल्यापेक्षा बरी.

संध्याकाळी विभागप्रमुखांना यादी दिली. अंतिम ज्युरीत, बाहेरच्या परीक्षकांपुढे, उभे करण्याजोगे नाहीत असे दोघे. त्यात मोजकी. तिचं वर्ष जाईल. एका कार्यालयात तिची नोकरी ठरली आहे असं मुलं म्हणत होती, तीही जाईल. वाईट वाटलं, पण ज्याचं शीट ऐकत नाही तो पुढे गिऱ्हाइकाचं काय ऐकणार? सह्या करताना मागेपुढे पाहिलं नाही. लिहून ठेवते, म्हणजे उगाच नंतर हळवेपणा नको.

१ मार्च

रविवार. नेहमीप्रमाणे दादाकडे गेले, म्हणजे आमच्याच घरी. प्लॅनची गुंडाळी बरोबर होती, उरलेले गुण देऊन टाकावेत म्हणून. बाकावर बसले. चारचं ऊन अगदी मांडीवर आलं होतं. वहिनी चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"हे काय, आपली मागची खोली कुणी काढली?"

"कुठली मागची खोली?"

"अगं, हीच की. जिन्याखालची. हा बाहेरचा नळ, हे बाहेर उघडणारं दार. ते आत उघडलंच नसतं, खाट आडवी यायची. मीच सुताराला बोलावून उलटं करून घेतलं होतं. आणि हे बघ, इथे डोकं लागतं. माझं दोनदा फुटलंय."

मी हसले. जिन्याखालच्या खोल्या सगळ्या सारख्याच असतात, म्हटलं.

वहिनी चष्मा आणायला गेली, येऊन नाव वाचलं, मग आडनाव. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"ही आपल्या बाईंची पोर," ती म्हणाली. "स्वयंपाकाच्या. अकरा वर्षं होत्या ना आपल्याकडे? ही दोन वर्षांची होती आल्या तेव्हा. तेरा वर्षांची झाली, दोघींना ती खोली पुरेना, म्हणून सोडून गेल्या. वास्तुशास्त्र शिकते? बघ, आणि आपल्याला पत्ताच नाही." तिला खरंच आनंद झाला होता. मग तिने लाल खिडकीवर बोट ठेवलं. "ही मात्र नव्हती हं. ही तिने मनाने काढली."

"ती मी काढली," मी म्हटलं.

चहा तसाच राहिला. आणखी लिहवत नाही.

२ मार्च

काल जे झालं ते नीट लिहायचं ठरवलंय.

मी उठून मागे गेले. सत्तावन्न वर्षं हे घर माझं आहे आणि मागच्या अंगणात मी शेवटची कधी गेले ते आठवेना. खोलीला कडी होती. आत खोकी, एक मोडका पंखा, रंगाचे डबे. वहिनी मागे येऊन उभी राहिली, "काय झालं गं, बरं वाटत नाही का?" मी टेप मागितली. सात फूट. सहा फूट सहा इंच. एका इंचाचाही फरक नाही. सगळ्यांची घरं आठवणीत मोठी होतात, हिचं झालं नाही.

पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा एका जागी फुगलेला आहे. हात फिरवला तर चौकोन लागतो. अडीच फूट रुंद, साडेतीन उंच. त्याच्या पलीकडे माझी पुस्तकं आहेत.

म्हणजे तिथे खिडकी होती. व्हरांड्यात उघडणारी. मी व्हरांडा बंद केला तेव्हा ती बुजवली आणि त्यावर मांडणी उभी केली. ज्या उजेडाची गोष्ट मी सत्तावीस वर्षं सांगते आहे तो मी धरून आणला होता खरा, पण कुठून, ते कधी बघितलंच नाही.

बाई मला आठवतात. निदान त्यांचे हात आठवतात, चहाचा कप ठेवणारे. एक लहान मुलगी मागच्या पायरीवर कधीतरी दिसायची. मी तिला गोळ्या-चॉकलेट दिलं असेल. "दिलं असेल" लिहिते आहे, कारण आठवत नाही.

३ मार्च

रात्रभर एकाच गोष्टीचा आधार घेतला होता. मी खिडकी बुजवली तेव्हा तिथे कुणी राहत नव्हतं, ती अडगळीची खोली होती. माझ्या हातून अजाणता झालं. सकाळी दादाला फोन करून तेवढंच विचारलं.

"कुणी राहत नव्हतं कसं?" दादा म्हणाला. "माळीबुवा राहायचे की."

माळीबुवा. ज्यांनी मला सायकल शिकवली. मी पडले की जे आधी सायकल उचलायचे आणि मग म्हणायचे, लोखंडाला लागलं तर भरून येत नाही, ताई, तुम्हाला येईल. किती वेळा मी मुलांना त्यांची नक्कल करून दाखवली आहे.

"ते गेटजवळच्या शेडमध्ये राहायचे," मी म्हटलं.

"शेडमध्ये कुदळ-फावडी असायची. तू विसरलीस. आई बोललीसुद्धा होती तुला, की मागे माणूस राहतं, त्याला वारा कुठून यायचा?"

"मी काय म्हणाले?"

"आता मला शब्द न् शब्द कसा आठवणार?"

"दादा, तुला आठवतो आहे."

"म्हणालीस, दार उघडं ठेवलं की येतो वारा. अगं, सोड ना. चौतीस वर्षं झाली. तेव्हा सगळे असंच करायचे."

"मग त्यांचं काय झालं?"

"दोन उन्हाळे काढले असतील. मग गेले गावाला. बाबांनी शाल दिली होती."

शाल मला आठवते. रंगसुद्धा आठवतो. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, या मुलीची स्मरणशक्ती म्हणजे देणगी आहे. मी ते अजून लोकांना सांगते.

५ मार्च

मोजकीला कॉलेजातल्या माझ्या खोलीत बोलावलं. काय बोलायचं ते तीनदा घोकून ठेवलं होतं. ती आली, खुर्चीच्या टोकाला बसली आणि मी काही म्हणण्याआधीच म्हणाली, "वहिनीबाईंचा आईला फोन आला होता."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही स्वागताला बाकाची गोष्ट सांगितलीत ना, तेव्हापासून."

"आणि एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलणार, मॅडम?" मग, जणू कुणा दुसऱ्याचं सांगते आहे अशी, ती म्हणाली, "तिथे राहायचो तेव्हा मला काही वाटायचं नाही. खोल्या अशाच असतात असं वाटायचं. आपल्याला खिडकी नाही हेच ठाऊक नव्हतं. तुमची गोष्ट ऐकली, घरी जाऊन आईला विचारलं. आई म्हणाली, हो गं, त्या भिंतीचे पोपडे चौकोनातच निघायचे."

चार वर्षं मुलांसमोर उभी राहून मी तिला काय शिकवत होते, ते मला आज कळलं.

"मग माझ्याकडेच का आलीस?"

"तुमच्या खुणा बरोबर असतात. आणि बघायचं होतं."

"काय?"

"खोली दाखवली तर तुम्ही काय कराल ते. तुम्ही खिडकी काढलीत. बरोबर जागी काढलीत."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी घोकलेलं सगळं विसरले आणि म्हणाले की मी मांडणी काढून टाकणार आहे, ती खिडकी पुन्हा उघडणार आहे, याच महिन्यात.

"तिथे आता कोण राहतं?"

"कुणी नाही. खोकी आहेत."

"मग कशाला, मॅडम?"

जाताना ती दाराशी थांबली. "माझं नाव ज्युरीतून वगळलंत ते डिझाइन चुकलंय म्हणून ना?"

मी टेबलावरची पेन्सिल उचलून पुन्हा खाली ठेवली.

"मग उद्या शीटं पुन्हा बघाल? नेहमीसारखी. पेन्सिल घेऊन."

६ मार्च

आधी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी यादी समोर धरली. "दहा दिवसांपूर्वी नाही म्हणालात, आज हो म्हणता. मी वर काय सांगू?"

"मी चुकीचं वाचलं होतं म्हणा."

"तुम्ही? लाल मॅडम?" ते हसले. "लेखी द्या बाई, नाहीतर उद्या तो दुसराही माझ्या दारात बसेल."

मी लिहून दिलं : सर्वांत लहान खोलीस सर्वांत मोठी खिडकी, हा मी दोष समजले होते. पुन्हा तपासल्यावर तो दोष नाही असे माझे मत झाले आहे. खाली सही. आमच्या घराबद्दल काही लिहिलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं, असं मी स्वतःला जिना उतरेपर्यंत सांगत होते.

दुपारी शीटं पसरली. मनात ठरवून बसले होते की आज पेन्सिलीला टोकच करायचं नाही. पहिल्यांदाच मी ती घरं त्या लहान खोलीपासून वाचायला घेतली. एकेक घर असं उलगडत गेलं की मला लाज वाटली. बैठकीला उजेड कमी नाहीच. त्या मागच्या भिंतभर खिडकीतून तो खोलीत येतो, दारावरच्या झडपेतून आत शिरतो आणि पार पुढपर्यंत पोचतो. नुसतं माझ्यासारख्या पुढच्या दाराने आत येणाऱ्याला ते दिसत नाही.

नऊ घरं झाली. दहाव्याशी अडले. तिथे जमीन निमुळती होते, म्हणून तिने जिना मागे नेला आहे. प्लॅनमध्ये खिडकी आहे. पण सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढून बघितला तर जिन्याचा टप्पा नेमका तिच्या तोंडावर येतो. खिडकी उघडली तर समोर दीड फुटावर काँक्रीट.

हे तिला दाखवायचं? मी? ज्युरीत कुणाच्या लक्षात येईलच असं नाही. आपण बोलायचा हक्क गमावला आहे, असंही वाटलं. मग पेन्सिलीला टोक केलं.

ती आली तेव्हा फक्त त्या जागी खूण केलेलं शीट पुढे सरकवलं. तिने वाकून पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे माझ्या हातून झालं?"

"हो."

"दहावं घर होतं, मॅडम. कंटाळा आला होता. जिना कुठे जाईल तिथे टाकला."

जाताना शीट इतकं घट्ट गुंडाळलं की त्याला घडी पडली. तिच्या कागदाला मी आजवर कधी घडी पाहिली नव्हती.

ती गेल्यावर विचार आला, मलाही तेव्हा असंच झालं असेल का? नाही. मला कंटाळा आला नव्हता. मी अतिशय आनंदात होते.

२४ एप्रिल

मधले दिवस कामात गेले. दहाव्या घराचा जिना तिने सात वेळा काढला. सातव्यांदा बसला.

आज ज्युरी झाली. गाइडने मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, हा नियम. बाहेरचे परीक्षक मोठे गृहस्थ, हातात काठी घेऊनच बोलतात. पाच मिनिटांत त्यांची काठी त्या खोलीवर आली.

"ही स्टोअरला एवढी खिडकी? केरसुणीला ऊन द्यायचंय का?"

सगळे हसले. मी महिना-दोन महिन्यांपूर्वी जवळजवळ हेच म्हटलं होतं, फक्त इतकं गमतीदार नाही.

"स्टोअर लिहिलेलं नाही, सर. खोली लिहिलंय," मोजकी म्हणाली.

"कुणाची खोली?"

"ते ज्यांचं घर ते ठरवतील. पण सगळ्यात लहान खोली असली की तिथे शेवटी कुणीतरी राहतंच, सर."

"हे गृहीत कशावरून?"

"पाहिलंय."

ती माझ्याकडे वळून बघेल असं वाटलं. तिने बघितलं असतं तर मी उठून सांगितलं असतं, नियम गेला खड्ड्यात. असं आत्ता, घरी बसून, लिहायला सोपं आहे. तिने बघितलं नाही. परीक्षकांनी काठी खाली घेतली, दहाव्या घराच्या जिन्यापाशी वाकले, बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, "हा टप्पा वळवलाय चांगला." नंतर पुढचं शीट.

पास झाली. गुण मधलेच, पहिल्या दहांत नाही. नोकरी मात्र राहिली.

२५ एप्रिल

आज मुलांच्या कामाचं प्रदर्शन होतं, घरच्यांसाठी. मी दारातच उभी होते. मोजकी आली, बरोबर तिची आई.

मला वाटलं होतं, ओळखायला वेळ लागेल. बाईंनीच आधी हाक मारली. "ताई, वाळलात हो. गुडघा कसा आहे? तेव्हा डावा होता, आता उजवाही धरला का?"

डावाच होता. मला त्यांच्याबद्दल विचारायला एकही गोष्ट सुचेना. त्यांचं काय दुखायचं, ते मला कधी माहीतच नव्हतं. "तुम्ही बऱ्या ना?" एवढंच म्हटलं.

"मला काय धाड भरली आहे. चहा अजून बिनसाखरेचाच? हिला सांगते, आणून देईल."

मोजकीने त्यांना मॉडेल दाखवलं. एका घराचं छप्पर उचलून ती बोटाने सांगत होती, हे स्वयंपाकघर, ही बैठक, ही खोली. बाई कमरेवर हात ठेवून वाकल्या. त्या पुठ्ठ्याच्या खोलीत सभागृहाच्या खिडकीचं ऊन पडलं होतं. त्यांनी त्यात करंगळी घालून पाहिली.

मी जवळ गेले. ठरवूनच गेले होते. म्हटलं, "बाई, मागची खोली... ती खिडकी माझ्यामुळे गेली होती. मला माहीत असायला हवं होतं. माझं फार चुकलं."

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि हसल्या. "हिने काही सांगितलं होय तुम्हाला? हिचं आपलं काहीतरी असतं. चांगली होती हो खोली. थंडीत उबदार राहायची. डोक्यावर छप्पर, दाराशी पाणी, आणखी काय लागतं दोघींना? मी तर म्हणते, तुमच्याकडे होतो म्हणून ही शिकली. तुम्ही नका मनाला लावून घेऊ, ताई."

मोजकीने छप्पर परत घरावर ठेवलं. ते वाकडं बसलं, तिने सरळ केलं नाही. "आई, चल, पलीकडचंही बघू," म्हणाली.

मला हायसं वाटलं. बाकी सगळं खोडलं तरी हे खोडायचं नाही म्हणून लिहिते आहे. दोन महिने मी कुणाच्या तरी तोंडून एवढंच ऐकायला थांबले होते, हे ते ऐकल्यावर कळलं. मी बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला, मला वाटतं मी हसलेसुद्धा.

आणि मुलगी आईचा दुसरा हात धरून उभी होती, ती हे सगळं बघत होती.